पंचमहाभूतांना माणसाचं रूप: नाशिकमधल्या एका छायाचित्रमालिकेची पार्श्वभूमी

पावसाळ्यात नाशिककर एकमेकांना फोन करून गोदावरीला पाणी किती आलं ते विचारतात, तेव्हा उत्तर क्युसेकमध्ये मिळत नाही. "दुतोंड्याच्या गुडघ्याला लागलं", "कमरेपर्यंत आलं", "छातीला टेकलं" असं मिळतं. रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती ही आमची पूरपट्टी. पाणी त्याच्या अंगावर चढायला लागलं की भांडी बाजार आणि सराफ बाजारातले दुकानदार माल वर हलवतात. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमधले पूर लोकांच्या लक्षात आहेत तेही याच मापाने. अशा गावात पृथ्वी, पाणी, अग्नी, वारा आणि आकाश यांना माणसाच्या रूपात टिपायचं आम्ही ठरवलं. ही कल्पना आमची नव्हे, फार जुनी आहे. ती कुठून कुठून आली, ते इथे मांडतो.

ऋग्वेदाचा पहिलाच शब्द अग्नीचा आहे, आणि तिथे त्याला पुरोहित म्हटलंय. म्हणजे देह मिळायच्या आधी त्याला काम मिळालं. पुढे मूर्तिकारांनी त्याला मेंढ्यावर बसवलं, वायूला हरणावर, वरुणाला मकरावर, आणि दिक्पाल म्हणून एकेक दिशा राखायला दिली. वायूच्या हातात ध्वज असतो. वारा दिसत नाही, फडकणारं कापड दिसतं. कॅमेरा हातात घेणाऱ्याला याहून नेमकी सूचना कोण देणार? गुप्तकाळापासून मंदिराच्या दाराशी गंगा मकरावर आणि यमुना कासवावर उभी दिसते. वेरूळच्या २१ व्या लेण्यातली गंगा जमेल तर जवळून पाहावी. वाहणं तिच्या उभं राहण्यातच आहे: एका पायावर भार, कमरेला बाक, सगळं अंग सैल.

पृथ्वीसाठी तर आम्हाला गावाबाहेर जावंच लागलं नाही. पांडवलेण्यांतलं तिसरं लेणं इसवीसनाच्या दुसऱ्या शतकातलं, गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिच्या दानाचं. त्याच्या ओसरीखाली सहा धिप्पाड आकृती जमिनीतून अर्ध्या वर आल्या आहेत आणि अख्खं लेणं त्यांनी खांद्यावर पेललंय. शाळेच्या सहलीत आम्ही त्यांच्यासमोरून धावत पुढे गेलो होतो. आता तासभर बसलो, तेव्हा खांद्यावरचा ताण दिसला. शिल्पकाराला त्या जमिनीखालच्या ताकदवान माणसांतून काय सांगायचं होतं ते त्याचं त्याला माहीत. आमच्या पृथ्वीचा फोटो मात्र तिथूनच सुचला. आकाशाला असं ठरलेलं रूप मूर्तिकलेत रुळलं नाही. तमिळनाडूतल्या चिदंबरमच्या शिवमंदिरात पडदा बाजूला केला की रिकामी जागा दिसते, आणि तेच तिथलं आकाशलिंग.

देवळांबाहेरही हे चालूच होतं. पाऊस लांबला की खेड्यांत धोंडी निघते: मुलाच्या अंगाला कडुलिंबाचे डहाळे बांधायचे, त्याला दारोदार फिरवायचं आणि घरोघरच्या बायांनी त्याच्यावर पाणी ओतायचं. पेठ-सुरगाण्याकडे बोहाड्यात संबळाच्या ठेक्यावर देवांचे मुखवटे नाचतात. मार्गशीर्षात डोंगऱ्या देवाचा उत्सव असतो, तिथे डोंगर हाच देव. यातलं कोणीही पावसासारखं किंवा डोंगरासारखं दिसायचा प्रयत्न करत नाही. ज्याच्यावर पाणी ओतलं जातं तो धोंडी.

कॅमेऱ्याशी हे सगळं जोडलं गेलं तेही आमच्याच जिल्ह्यातल्या माणसामुळे. दादासाहेब फाळके १८७० मध्ये त्र्यंबकेश्वरला जन्मले, म्हणजे जिथे गोदावरी गौतम ऋषींच्या तपाने पृथ्वीवर आली असं मानतात तिथेच. चित्रपटाआधी ते छायाचित्रकार होते, आणि रविवर्मा छापखान्यात त्यांनी फोटो-लिथोचं, म्हणजे छायाचित्रावरून छपाईचं, काम केलं होतं. शंकराच्या जटेत स्त्रीरूपाने उतरणारी गंगा रविवर्म्यांनी रंगवली, आणि त्यांच्या चित्रांच्या छापील प्रतींनी देवांचे चेहरे घरोघरच्या भिंतींवर नेले. १९१२ च्या सुमारास फाळक्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी टिपून एक छोटा चित्रपट केला. त्यात नायक म्हणजे कोंब. पुढे नाशकात बिऱ्हाड आणि चित्रपटांचा कारखाना आला, आणि १९३७ मध्ये त्यांचा शेवटचा चित्रपट आला तो 'गंगावतरण'. त्र्यंबकच्या मुलाने शेवटी पुन्हा नदीच उतरवली, हे आम्हाला फार मोलाचं वाटतं.

परदेशातली परंपरा थोडक्यात सांगतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला छायाचित्रकार ॲन ब्रिगमन यांनी कॅलिफोर्नियाच्या डोंगरांत वाऱ्याने पिळलेल्या झाडांत मानवी देह उभे केले. मादाम इव्हॉन्द यांनी १९३५ मध्ये लंडनच्या उच्चभ्रू स्त्रियांना देवतांच्या वेषात रंगीत टिपलं. ॲना मेंडिएटा यांनी १९७० च्या दशकात माती, फुलं आणि आगीने स्वतःच्या देहाची आकृती जमिनीवर काढली आणि तिचे फोटो घेतले. आज इंटरनेटवर या विषयाच्या ज्या मालिका दिसतात, त्यांतल्या बऱ्याचशा इव्हॉन्दच्या वाटेने जातात: पाणी म्हणजे निळा झगा, अग्नी म्हणजे लाल. आम्हाला ब्रिगमन आणि मेंडिएटा जवळच्या वाटतात, कारण त्यांच्या फोटोंत देह आणि माती यांचा खराखुरा संबंध येतो.

तरी पहिल्या दिवशी आम्हीही निळं शिफॉन घेऊनच घाटावर गेलो होतो. गोदावरी व्हायला तयार झाल्या त्या तिथे फुलं आणि द्रोण विकणाऱ्या एक मावशी. त्यांनी कापड हातात घेऊन पाहिलं, घडी घालून परत दिलं आणि विचारलं (इथे गोदावरीलाही गंगाच म्हणतात), "गंगा कुठल्या महिन्यातली करू? चैत्रातली का श्रावणातली?"

आमच्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनीच समजावलं. चैत्रातली गंगा बारीक, पायऱ्या उघड्या, कडेला शेवाळ. श्रावणातली लाल, गढूळ, कुणाचं न ऐकणारी. मग नेसत्या हिरव्या लुगड्यातच त्या शेवटच्या पायरीवर बसल्या. आधी हळदकुंकू वाहून नदीची ओटी भरली, मगच पाय पाण्यात सोडले. ट्रायपॉडवर एक सेकंदाचं एक्स्पोजर होतं, म्हणजे शटर सेकंदभर उघडं. पाणी धुरासारखं झालं, मावशी हलल्या नाहीत, फक्त पाण्यात पडलेला पदराचा काठ पुसट झाला.

चैत्रातली गोदावरी झाली. श्रावणातली राहिली आहे, तीही वरच्या सुरक्षित पायरीवरूनच घ्यायची. पाणी दुतोंड्याच्या गुडघ्याला लागलं की मावशी फोन करणार आहेत.