वास्तववादातली सज्जन माणसं: फ्लोबेरच्या दोन मोलकरणी

वास्तववाद्यांना चांगली माणसं दिसतच नाहीत, ही तक्रार वास्तववादाइतकीच जुनी आहे. १८५७ च्या सुरुवातीला फ्रेंच कादंबरीकार फ्लोबेरच्या ‘मादाम बोव्हारी’ या कादंबरीवर पॅरिसमध्ये खटला चालला, तेव्हा सरकारी वकिलाने नेमकं यावरच बोट ठेवलं: नवऱ्याशी प्रतारणा करणाऱ्या या नायिकेला दोष देऊ शकेल असं एकही पात्र पुस्तकात नाही. फ्लोबेर सुटला, पण शिक्का बसला.

वकिलाने कृषी प्रदर्शनाचा प्रसंग बहुधा भराभर वाचला असावा. तिथे कॅथरीन लरू नावाची म्हातारी मोलकरीण भीतभीत व्यासपीठावर येते. एकाच शेतावर ५४ वर्षं राबल्याबद्दल तिला २५ फ्रँक किमतीचं चांदीचं पदक मिळतं. कोठारातली धूळ, धुण्याचा खार आणि लोकरीचा चिकटा यांनी तिचे हात इतके राठ झालेत की स्वच्छ धुऊनही मळकट दिसतात. हे पदक पाद्रीबुवांना देईन, ते माझ्यासाठी प्रार्थना म्हणतील, असं ती पुटपुटते. गावचा औषधवाला म्हणतो, काय हा धर्मवेडेपणा! पुढे ती कादंबरीत परत येत नाही.

उदात्त नायकाची अडचण अर्थात त्याआधीची. स्पॅनिश लेखक सर्वांतेसने १६०५ मध्येच ‘डॉन किहोटे’ कादंबरीत त्याला हास्यास्पद करून टाकलं होतं. रशियन कादंबरीकार दस्तयेव्हस्कीने १८६८ च्या जानेवारीत जिनिव्हाहून भाचीला लिहिलं, की संपूर्ण सज्जन माणूस रंगवण्याइतकं अवघड काही नाही. डॉन किहोटे चांगला वाटतो तो हास्यास्पद आहे म्हणूनच. ‘इडियट’ या स्वतःच्या कादंबरीतल्या सज्जन नायकाला, मिश्किनला, मग त्याने अपस्मार दिला.

फ्लोबेरला डिवचलं ते त्याच्या कादंबरीकार मैत्रिणीने, जॉर्ज साँदने. १८७५ च्या अखेरीस तिने लिहिलं: तू लोकांना उदास करणार, मी दिलासा देणार. उत्तरादाखल तो ‘साधं मन’ ही गोष्ट लिहायला बसला. ती पुरी होण्याआधीच, ८ जून १८७६ ला, साँद वारली. नायिका पुन्हा मोलकरीणच, फेलिसिते, पगार वर्षाला १०० फ्रँक. बैल अंगावर येतो तेव्हा ती मालकिणीला आणि मुलांना पुढे पळवते आणि ढेकळं उपटून त्याच्या डोळ्यांत फेकत राहते. म्हातारपणी मात्र पेंढा भरलेल्या पोपटात तिला पवित्र आत्मा, म्हणजे ख्रिस्ती देवाचंच एक रूप, दिसू लागतो.

गोष्टीत उपरोध नाही, ती गंभीर आणि फार उदास आहे, असं फ्लोबेरने एका पत्रात बजावलंय. वाचक अजून वाद घालतात. मला विचाराल तर बैलाच्या प्रसंगात तो अजिबात हसत नाही. पोपटाच्या प्रसंगात थोडा हसतो.