एनडीएम-1 : नावाचा वाद आणि जस्ताची अडचण

पेनिसिलिन फोडणारे एन्झाइम 1940 सालीच, म्हणजे औषध सर्रास वापरात येण्याआधीच, सापडले होते. त्यावरचा तोडगा, क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल, 1970च्या दशकातला. ते एन्झाइमच्या सक्रिय जागेतल्या सेरीन या अमिनो आम्लाला चिकटून बसते आणि सोबतचे अमॉक्सिसिलिन वाचते. 625च्या गोळीतले 125 मिलिग्रॅम याच कामाचे.

एनडीएम, म्हणजे न्यू दिल्ली मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज, हेही जिवाणूंचे असेच औषध फोडणारे एन्झाइम. पण त्यात ते सेरीनच नाही. तिथे जस्ताचे दोन आयन पाण्याकरवी औषधाच्या रेणूतले कडे फोडतात. म्हणून क्लॅव्ह्युलॅनिक आम्लासारखेच काम करणारे टॅझोबॅक्टम सोडाच, 2015 साली आलेले अविबॅक्टमही त्याला रोखू शकत नाही.

भारतात चर्चा मात्र जस्तापेक्षा नावाचीच झाली. दिल्लीत उपचार घेऊन 2008मध्ये स्वीडनला परतलेल्या रुग्णात हे एन्झाइम मिळाले, डिसेंबर 2009मध्ये नावासह छापून आले आणि ऑगस्ट 2010च्या अहवालानंतर इथे भडका उडाला. गावाचे नाव देण्याची रीत जुनीच: याच प्रकारच्या व्हीआयएम या एन्झाइमच्या नावात वेरोना आहे, एसपीएममध्ये साओ पावलो. पण अमेरिकेत सापडलेल्या केपीसी या एन्झाइमला जिवाणूचे (क्लेब्सिएला न्यूमोनिए) नाव मिळाले, गावाचे नाही. आणि त्या अहवालात स्वस्त शस्त्रक्रियेसाठी भारतात येण्याबद्दलचा इशाराही होता. तेव्हा राग अगदीच अनाठायी नव्हता. अडचण एवढीच, की मार्च 2010मध्ये मुंबईतल्याच एका रुग्णालयाने कार्बापेनेम या राखीव प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या 24पैकी 22 नमुन्यांत एनडीएम-1 असल्याचे छापले होते. पुढे 2006-07च्या जपून ठेवलेल्या नमुन्यांतही ते निघाले: दिल्ली, मुंबई आणि पुण्याच्याही.

आज प्रयोगशाळेत मेरोपेनेम या कार्बापेनेमची 10 मायक्रोग्रॅमची चकती जिवाणूच्या द्रावणात चार तास ठेवतात. जोडीला ईडीटीए घातलेली दुसरी नळी असते. ईडीटीए जस्त ओढून घेते. मग दोन्ही चकत्या औषधाला बळी पडणाऱ्या जिवाणूच्या थरावर ठेवतात. ईडीटीएवाल्या चकतीभोवतीचे जिवाणूमुक्त वर्तुळ दुसरीपेक्षा 5 मिलिमीटर किंवा जास्त वाढले, तर एन्झाइम जस्तवाले. मात्र त्याच जिवाणूत ऑक्सा-48 गटातलेही (सेरीनवाले) एन्झाइम असेल, तर ते ईडीटीए असतानाही मेरोपेनेम फोडत राहते, वर्तुळ वाढत नाही आणि एनडीएम नजरेतून सुटते. आपल्याकडे ही जोडी दुर्मिळ नाही. शंका आली की जनुकतपासणीच करावी.

ॲझट्रिओनाम हे प्रतिजैविक एनडीएमला फोडता येत नाही, पण त्याच जिवाणूतली ईएसबीएल ही सेरीनवाली एन्झाइमे ते फोडतात. त्यांना अविबॅक्टम रोखते. म्हणून सेफ्टाझिडिम-अविबॅक्टम आणि ॲझट्रिओनाम एकाच वेळी, तीन तासांच्या सलाइनमधून, दर आठ तासांनी देतात. एकामागून एक दिले तर ॲझट्रिओनाम उघडे पडते.