संपर्क-वहीवरची सही

तैवानमध्ये प्राथमिक शाळेतलं मूल रोज घरी एक छोटी वही आणतं. गृहपाठ काय, चाचणी कधी, उद्या काय न्यायचं, हे त्यात लिहिलेलं असतं. रात्री पालकांनी ते वाचून सही करायची. व्हिएतनामहून लग्न होऊन आलेल्या आईसाठी ही सही म्हणजे रोजची परीक्षाच. तिच्या भाषेची लिपी रोमन वळणाची. इथे पहिलीत सुरुवातीचे दहा आठवडे झुयिन नावाची 37 उच्चारचिन्हं शिकवतात, जोडीला चिनी अक्षरं. मुलगा शिकतो तेव्हाच तीही शिकत असते, आणि त्याला शिकवायचंही तिनेच असतं.

अशी घरं थोडीथोडकी नाहीत. 2003 साली तैवानमध्ये झालेल्या लग्नांपैकी जवळजवळ एक तृतीयांश लग्नांत जोडीदार परदेशातून किंवा चीनच्या मुख्य भूमीवरून आलेला होता. बहुतेक करून नवरीच. पुढे त्यांची मुलं शाळेत आली, तेव्हा ती अभ्यासात मागे पडतील अशी चर्चा सुरू झाली आणि बोट थेट आईकडे गेलं.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू यांनी 'सांस्कृतिक भांडवल' ही कल्पना मांडली. अंगात मुरलेलं बोलणं-वागणं, घरातली पुस्तकं, हातातल्या पदव्या: पैशासारखंच हेही मुलांना वारशाने मिळतं. मात्र या भांडवलाची किंमत शाळा ठरवते, हा त्यांचा मुद्दा सोयीस्करपणे विसरला जातो. व्हिएतनामी आईकडे भांडवल असतंच. तैवानच्या शाळेत ते वटत नाही, एवढंच.

शिवाय या लग्नांतले बरेच नवरे कमी शिकलेले आणि बेताच्या कमाईचे. उत्पन्न आणि पालकांचं शिक्षण हिशेबात धरलं, की मुलांच्या गुणांमधली तफावत बरीच कमी होते. मग नुसत्या आईच्या देशाला दोष देणं मला अन्यायाचं वाटतं.

त्याहून मोठं नुकसान सल्ल्याने झालं. 'मुलाशी घरी चिनीतच बोला' असं या आयांना सासरी आणि शाळेतही सांगितलं गेलं. गोष्टीतला कोल्हा खोटं का बोलला, हे आपल्या भाषेत रंगवून सांगू शकणारी बाई मोडक्या चिनीत 'जेव, झोप, अभ्यास कर' एवढ्यावर येते. मुलाच्या कानावर पडणारी वाक्यं आखूड होतात, 'का' आणि 'जर' गळून पडतात. कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स यांनी 1979 मध्येच मांडलं होतं, की एका भाषेत पक्की झालेली समज दुसरीत उपयोगी पडते. म्हणजे जे भांडवल पुढे शाळेतही कामी आलं असतं, तेच घरात बंद करून ठेवायला लावलं.

2019 पासून तैवानच्या प्राथमिक शाळांत व्हिएतनामी, इंडोनेशियन, थाई यांच्यासह आग्नेय आशियातल्या सात भाषा आठवड्यातून एक तास निवडता येतात. शिकवणाऱ्यांत लग्न होऊन आलेल्या आयाही आहेत. एकच तास, फार थोडा. पण त्या तासाचं वहीत लिहून आलेलं आईला बोट न अडखळता वाचता येतं.