खर्चाधारित सदस्यदर्जा (विमानवाहतूक)

विमानकंपनीच्या फ्रिक्वेंट फ्लायर (वारंवार प्रवास करणाऱ्यांसाठीच्या) योजनेतील सिल्व्हर, गोल्ड इ. दर्जे प्रवाशाने कापलेल्या अंतरावरून न ठरवता तिकिटांवर खर्चलेल्या रकमेवरून ठरविण्याची पद्धत. दर्जाबरोबर अपग्रेड (वरच्या वर्गातील आसन), लाउंज (विमानतळावरील विश्रांतिकक्ष), जादा सामान या परिचित सवलती मिळतात.

१९७८ पूर्वी अमेरिकेत देशांतर्गत भाडी सरकारी नियंत्रणाखाली असून ती बऱ्याच अंशी अंतराला धरून असत. अमेरिकन एअरलाइन्सने १ मे १९८१ रोजी आपली योजना काढली तेव्हा मैल मोजणे म्हणूनच सयुक्तिक वाटले असावे. नियंत्रण उठल्यावर मात्र भाडे आणि अंतर यांची फारकत झाली. स्वस्त तिकिटांवर केवळ मैलांसाठी भटकून येण्याचा, ‘माइलेज रन’ नावाचा, काहीसा विक्षिप्त छंदही त्यातूनच फोफावला.

या पद्धतीचा आरंभ नेमका कोणी केला, याविषयी एकमत नाही. अमेरिकेतील साउथवेस्ट या विमानकंपनीने २०११ मध्ये भाड्यावर आधारित गुण आणले. त्यांवर दर्जाही मिळे. परंतु ठरावीक संख्येने उड्डाणे केल्यानेही तो मिळत असल्याने खर्च हा तेथे केवळ पर्याय होता. खर्चाची सक्ती ही कसोटी मानल्यास डेल्टा या दुसऱ्या अमेरिकन कंपनीची १ जानेवारी २०१४ पासूनची अट अधिक ग्राह्य ठरते : सिल्व्हरसाठी २,५०० ते सर्वोच्च अशा डायमंडसाठी १२,५०० डॉलर, तेही मैलांच्या जोडीने. अमेरिकेबाहेर पत्ता असलेल्या सदस्यांना ती लागू नव्हती, आणि कंपनीच्या क्रेडिट कार्डावर वर्षाला २५,००० डॉलर खर्चणाऱ्यांना माफ होती. बक्षिसाचे (मोफत तिकिटांसाठी वापरायचे) मैल मात्र आणखी वर्षभर अंतरावरच मिळत राहिले.

खर्चात मूळ भाडे व कंपनीने लावलेला अधिभार धरतात; सरकारी कर वगळतात. भागीदार कंपनीने विकलेल्या तिकिटाचे भाडे योजना चालविणाऱ्या कंपनीला सहसा कळत नाही. अशा वेळी उड्डाणाच्या मैलांना तिकिटाच्या वर्गानुसार टक्केवारी लावून ‘खर्च’ काढतात. म्हणजे हद्दपार केलेले अंतर मागच्या दाराने परत येते.

अमेरिकेच्याच युनायटेड एअरलाइन्सने २०२० मध्ये आणि डेल्टाने २०२४ मध्ये दर्जासाठी मैल मोजणे सोडून दिले. डेल्टाने डायमंडची मर्यादा आधी ३५,००० डॉलर जाहीर केली होती. सदस्यांच्या संतापानंतर ती २८,००० वर आणली. ब्रिटिश एअरवेजने एप्रिल २०२५ पासून एका पौंडाला एक गुण, गोल्डसाठी २०,००० गुण, असे मान ठेवले. भारतात एअर इंडियाने २०२४ मध्ये आपली योजना अंतराऐवजी खर्चावर आणली.