बर्फ, बीड आणि जॅम झालेला पिस्टन

मध्यंतरी एक रील फिरत फिरत माझ्यापर्यंत आली. वर्षानुवर्षं पडून असलेल्या मोटारसायकलचा प्लग काढायचा, भोकातून कोल्ड्रिंकची बाटली ओतायची, रात्रभर ठेवायचं आणि सकाळी किक मारायची. गाडी सुरू! पाठवणारा माझा मामेभाऊ. त्याची आरएक्स-१०० गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली वीसेक वर्षं उभी होती, किक जागची हलत नव्हती, आणि त्याच्या हातात दोन लिटरची बाटली तयार होती.

या गाडीची थोडी ओळख करून द्यायला हवी. १९६८ साली यामाहाने डीटी-१ ही २४६ सीसीची टू-स्ट्रोक अमेरिकेत आणली आणि तिकडे मातीत, डोंगरात गाडी पळवण्याचं वेड घरोघरी पोहोचलं. आपल्याकडे असली गाडी सहज मिळत नसे. मग पोरांनी १९८५ साली आलेली यामाहाचीच रस्त्यावरची आरएक्स-१०० सोलली. हेडलाइट काढला, मडगार्ड उंच केलं, मागे खाचांचं टायर चढवलं, झाली डर्ट बाइक! ९८ सीसी, ११ अश्वशक्ती, वजन जेमतेम शंभर किलो. कापणीनंतरच्या रिकाम्या वावरात ती ज्यांनी ऐकली आहे त्यांना आवाज वेगळा सांगायला नको.

तर इंजिन 'सीझ होतं' म्हणजे काय? बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं: ऑइल संपलं. कधी कधी ते खरंही असतं. पण पुष्कळदा ऑइल टाकीत असतं आणि तरी पिस्टन धरतो, कारण भांडण दोन धातूंचं असतं.

सिलिंडरची आतली भिंत बिडाची, म्हणजे आपल्या डोशाच्या तव्याची. पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा. आजी ज्याला 'जर्मनचं पातेलं' म्हणायची त्याचाच चुलतभाऊ. दोन्ही तापले की फुगतात, पण सारखे नाहीत. तापमान एका अंशाने वाढलं की बीड आपल्या लांबीच्या दहा लाखांत सुमारे ११ भाग वाढतं, पिस्टनचा धातू सुमारे २० भाग.

आता हिशेब करू. आरएक्सचा बोअर, म्हणजे सिलिंडरच्या भोकाचा व्यास, ५० मिलिमीटर. थंड असताना पिस्टन आणि भिंत यांच्यातली फट साधारण ०.०५ मिलिमीटर, बारीक केसाएवढी. दोघंही १०० अंशांनी तापले, तर पिस्टन ०.१ मिलिमीटरने फुगतो आणि भोक ०.०५५ मिलिमीटरने मोठं होतं. (हो, मोठंच. भोक आत फुगून लहान होतं असं अनेकांना वाटतं. बैलगाडीच्या चाकावर धाव चढवताना लोहार ती आधी लालभडक का करतो, ते आठवा.) फरक ०.०४५. म्हणजे फट जवळजवळ संपलीच! उरलेल्या जागेत ऑइलचा पापुद्रा आणि आपलं नशीब. इथून पुढे भिंतीपेक्षा पिस्टन आणखी ३० अंशांनी तापला तर तो ०.०३ मिलिमीटर जादा फुगतो. तेवढी जागाच नाही.

कारखान्यात याची सोय आधीच केलेली असते. थंड पिस्टन हातात घेतला की नळकांड्यासारखा गोल वाटतो, पण मायक्रोमीटर लावा: तो किंचित लंबगोल असतो आणि डोक्याकडे निमुळता. डोकं जास्त तापतं, गजनपिनच्या (पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणाऱ्या आडव्या पिनेच्या) आजूबाजूला धातू जाड असतो, म्हणून कुठे किती फुगेल याचा अंदाज घेऊन तो मुद्दाम 'बेढब' घासलेला असतो. गरम झाल्यावर तो गोल होतो. मला ही गोष्ट दरवेळी नव्याने आवडते.

टू-स्ट्रोकचं दुखणं असं की तिला उसंत नाही. फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांत एकदा स्फोट, इथे प्रत्येक फेरीत. मिनिटाला ७५०० फेरे म्हणजे सेकंदाला १२५ स्फोट, आणि पिस्टनचा सरासरी वेग ताशी ४५ किलोमीटर, तोही दर पाच सेंटिमीटरला थांबून उलटं वळत. खाली ऑइलचं कुंड नाही. वंगण मिळतं ते पेट्रोलच्या धुक्यासोबत येणारं. एका बाजूला एक्झॉस्ट पोर्टमधून (सिलिंडरच्या भिंतीतल्या, जळका धूर बाहेर सोडणाऱ्या खिडकीतून) तापलेला वायू, दुसऱ्या बाजूला ताजं गार मिश्रण, त्यामुळे सिलिंडरही सगळीकडे सारखा तापत नाही. थ्रॉटल मिटून घाट उतरताना मामेभावाचं एक बोट कायम क्लचवर का असायचं, ते यावरून कळेल. ऑइलचा पंप काढून त्याने पेट्रोलमध्येच टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोकचं ऑइल, मिसळायला सुरुवात केली होती. पेट्रोल बंद म्हणजे वंगणही बंद, आणि इंजिन मात्र चाकांच्या जोरावर गरगरतंय.

असो. मामेभावाच्या गाडीचं हेड, म्हणजे सिलिंडरचं वरचं झाकण, काढलं. पिस्टन खालच्या बाजूला अडकलेला, भिंतीवर तांबूस गंज. म्हणजे दुहेरी प्रकरण: आधी उष्णतेने धरलेला, मग पावसाळ्यांनी जखडलेला. कोल्ड्रिंकमध्ये फॉस्फोरिक आम्ल असतं आणि ते गंजावर थोडंफार काम करतं, हे खरं. पण ते फार पातळ असतं, आणि सोबत जी साखर जाते ती बेअरिंगमध्ये पाक होऊन बसते. बाटली आम्ही पिऊन टाकली. त्याऐवजी डिझेल आणि गिअरबॉक्सचं पातळ ऑइल मिसळून वर चार दिवस भरून ठेवलं.

पाचव्या दिवशीही ढिम्म. शेजारच्या गॅरेजमधला पोरगा ब्लो टॉर्च घेऊन आला, "सगळं लाल करू, सुटतंय." गाडीचं काम बघणारे आमचे मेकॅनिक, वस्ताद, यांनी त्याला थांबवलं. "सगळं तापवलंस तर पिस्टनच जास्त फुगणार की रे!" त्यांनी पिस्टनवरचं डिझेल पुसून घेतलं, प्लास्टिकच्या पिशवीत बर्फ भरून ती पिस्टनच्या डोक्यावर ठेवली आणि मग बाहेरून ब्लॉकला, म्हणजे सिलिंडरच्या अंगाला, हीट गन लावली. भिंत ६० अंशांनी तापली तर भोक ०.०३३ मिलिमीटरने मोठं होतं; पिस्टन २० अंशांनी गार झाला तर ०.०२ने आकसतो. बेरीज ०.०५३. आमची हरवलेली फट! लाकडी ठोकळा ठेवून हातोडीचे चार हलके ठोके, आणि पिस्टन कुरकुरत हलला. वस्ताद भौतिकशास्त्र शिकलेले नाहीत, पण ब्लॉक आणि पिस्टन यांच्यात तापमानाचा फरक टिकला पाहिजे, दोघांना एकत्र तापू द्यायचं नाही, हे त्यांच्या हातांना ठाऊक आहे.

पिस्टन बाहेर आल्यावर वीस वर्षांचा वाद मिटला. मामी अजून सांगते, त्या दिवशी हँडलला लिंबू-मिरची बांधायची राहिली होती. मामेभाऊ म्हणायचा, ऑइल भेसळीचं होतं. पिस्टनवर गजनपिनच्या दोन्ही अंगांना मिळून चार ठिकाणी ओरखड्यांचे उभे पट्टे होते. नुसत्या एक्झॉस्टच्या बाजूला पट्टा असता तर पेट्रोल कमी पडलं, कुठून तरी हवा ओढली, अशी शंका घेता आली असती. चार कोपरे म्हणजे बहुतेक वेळा एकच गोष्ट: थंड इंजिन सुरू केल्या केल्या ॲक्सिलेटर पिळला. हलका पिस्टन पटकन फुगला, जड ब्लॉक अजून गारच होता. मामेभावाने जरा वेळाने कबूल केलं. शर्यतीला उशीर झाला होता.

भिंतीला ॲल्युमिनियम फासल्यासारखं चिकटलं होतं. ते घासून काढायचं नसतं. दहावीचं रसायनशास्त्र आठवा: ॲल्युमिनियम आम्लातही विरघळतं आणि अल्कलीतही, लोखंड अल्कलीला दाद देत नाही. म्हणून कॉस्टिक सोड्याचं पाणी बोळ्याने फक्त त्या पट्ट्यांवर लावायचं. बुडबुडे येतात तो हायड्रोजन, त्यामुळे हातमोजे, चष्मा, उघडी जागा, आणि जवळपास विडी नको. ब्लॉकच्या फिन्स (बाहेरच्या, हवेने गार होणाऱ्या पात्या) ॲल्युमिनियमच्या असतील तर तिथे थेंबही पडता कामा नये, नाहीतर पट्ट्यांसोबत फिन्सही जातील. बुडबुडे थांबले की भरपूर पाण्याने धुवायचं आणि लगेच ऑइल लावायचं, कारण उघडं बीड बघता बघता गंजतं. आमच्या भिंतीवर खाली नखाला लागणाऱ्या चरा निघाल्या, शिवाय गंजाचे खड्डे. ०.२५ने भागलं नसतं, ०.५० ओव्हरसाइजचं बोरिंग करावं लागलं, म्हणजे भोक अर्धा मिलिमीटर मोठं कातून त्याच मापाचा पिस्टन.

बाकी कामं नेहमीची. होनिंग करून, म्हणजे बारीक दगडाने घासून, भिंतीवर तिरक्या रेघांची जाळी, ऑइल धरून ठेवायला. क्रँकची दोन्ही सीलं नवी, कारण वीस वर्षांत रबर पापडासारखं होतं आणि तिथून हवा ओढली की मिश्रण पातळ होऊन (हवा जास्त, पेट्रोल कमी) नवा पिस्टनही जातो. आणि बोरिंगनंतर पोर्टच्या कडा कानशीने किंचित मोडायच्या. हे विसरलं की पिस्टनभोवतीची रिंग धारदार कडेला अडकून तुटते. वस्तादांनी रिंगेचं टोक खाचेतल्या बारीक पिनेवर बसलंय का, ते तीनदा बघितलं.

मामेभावाने टू-टी दुप्पट ओतायची तयारी केली होती, 'सेफ' म्हणून. कार्ब्युरेटरमधल्या जेटच्या त्याच भोकातून ऑइल जास्त गेलं की पेट्रोल तेवढं कमी जातं, मिश्रण थोडं का होईना पातळ होतं, आणि कार्बन साचतो तो वेगळाच. बाटलीवर लिहिलेलं प्रमाण ठेवलं.

सातव्या किकला निळा धूर आला. दोन मिनिटं चालवून बंद, फिन्सवर हात ठेवता येईपर्यंत थांबायचं, पुन्हा सुरू. असं पाच वेळा. चौथ्या वेळी मामेभावाचा हात ॲक्सिलेटरकडे गेला आणि वस्तादांनी न बोलता प्लगची कॅप ओढून काढली.