गेम डिझाइनची पदवी आली कुठून?

बारावीचा निकाल लागला की सोलापुरातल्या काही घरांत हल्ली एक नवा विषय निघतो. मुलगी म्हणते, 'मला गेम डिझाइन करायचंय.' वडील विचारतात, म्हणजे कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच ना? मामा सांगतो, नाही हो, ते अ‍ॅनिमेशन असतं. माहितीपत्रकं उघडली तर गोंधळ आणखी वाढतो. कुठे बी.डिझाइन, कुठे बी.एस्सी., कुठे बी.टेक.च्या पोटातलं स्पेशलायझेशन, कुठे बी.व्होक., कुठे नुसताच डिप्लोमा. 'गेम' हा शब्द सगळीकडे, शिकवतात मात्र वेगवेगळं. हा गोंधळ जाहिरातवाल्यांनी केलेला नाही, त्यांनी त्यात भर घातली एवढंच. ही विद्या विद्यापीठांत अनेक दारांनी शिरली आणि ज्या विभागात वाढली, त्याचं वळण तिला लागलं.

पहिली नावाजलेली कामगिरी विद्यापीठाच्या आवारातच झाली, पण वर्गाबाहेर. १९६२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत स्टीव्ह रसेल आणि त्याच्या मित्रांनी पीडीपी-१ या यंत्रावर 'स्पेसवॉर' हा दोन यानांच्या झुंजीचा खेळ लिहिला. यंत्राची किंमत होती सुमारे १ लाख २० हजार डॉलर. ते काही खेळण्यासाठी घेतलेलं नव्हतं, त्यामुळे या पोरांच्या खटाटोपाला मार्क कोण देणार? पुढची तीसेक वर्षं तसंच चाललं. १९७२ मध्ये अटारी कंपनीचा 'पाँग' हा गेम आला, धंदा उभा राहिला, पण शिकणं राहिलं उमेदवारीचं. एकच माणूस कोड लिही, चित्रं काढ, आवाजही बसव. १९८८ मध्ये ख्रिस क्रॉफर्ड या डिझायनरने पंचवीस-तीस समव्यावसायिकांना आपल्या घरी बोलावलं. दिवाणखान्यातल्या त्या बैठकीतूनच आज जगभर गाजणारी गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्स वाढली. विद्यापीठाचा त्यात हात नव्हता.

पहिलं दार उद्योगाने ठोठावलं. डिजिपेन ही संस्था क्लॉड कोमेअरने १९८८ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरला सुरू केली. निन्टेंडो या जपानी गेम कंपनीला प्रशिक्षित प्रोग्रॅमर हवे होते, म्हणून दोघांनी मिळून १९९४ मध्ये गेम प्रोग्रॅमिंगचा पदविका अभ्यासक्रम काढला. पुढे डिजिपेन अमेरिकेत रेडमंडला गेली आणि १९९८ मध्ये तिथे पदवी सुरू झाली. नाव काय, तर 'रिअल टाइम इंटरॅक्टिव्ह सिम्युलेशन'. पदवीच्या नावात 'गेम' हा शब्दच नाही.

सोलापूरकराने जरा थांबून बघावं असं गाव मात्र स्कॉटलंडमधलं डंडी. हेही गिरणगावच. बंगालमधून ज्यूट यायचा, डंडीत त्याचं कापड आणि पोती व्हायची. नंतर हुगळीच्या काठावरच गिरण्या उभ्या राहिल्या आणि डंडीच्या एकेक करून थंडावल्या. गावात टाइमेक्स या घड्याळ कंपनीचा कारखाना होता. १९८० च्या दशकात तिथे झेडएक्स स्पेक्ट्रम नावाचा स्वस्त घरगुती संगणक जोडला जाऊ लागला. साहजिकच गावातल्या पुष्कळ घरांत तो पोहोचला. काही मागच्या दारानेही पोहोचले, असं तिथले लोक हसत सांगतात. या यंत्राची खुबी अशी की ते सुरू केलं की समोर थेट बेसिक ही प्रोग्रॅमिंगची भाषा यायची. खेळायचं म्हटलं तरी आधी आज्ञा टाइप करावी लागे. त्यामुळे खेळणारं पोर आणि बनवणारं पोर यांच्यात फारसं अंतर राहिलं नाही.

टाइमेक्समध्येच कामाला असलेल्या डेव्हिड जोन्सची नोकरी कपातीत गेली. हाती आलेल्या पैशातून त्याने अमिगा संगणक घेतला आणि गावच्या तंत्रसंस्थेत नाव घातलं. त्याच्या डीएमए डिझाइन कंपनीचा 'लेमिंग्ज' हा गेम १९९१ मध्ये आला, 'ग्रँड थेफ्ट ऑटो' १९९७ मध्ये. मधल्या काळात, १९९३ मध्ये, टाइमेक्सचा कारखाना बंद पडला. ती तंत्रसंस्था १९९४ मध्ये अबर्टे विद्यापीठ झाली आणि १९९७ मध्ये तिने कॉम्प्युटर गेम्स टेक्नॉलॉजीची पदवी सुरू केली. ही जगातली पहिली, असं अबर्टे सांगतं. डिजिपेनवाले मान्य करतील असं नाही. तो वाद त्यांचा त्यांनी मिटवावा. आपल्या कामाचा आहे तो क्रम: आधी हातात यंत्र, मग घरी शिकलेली पोरं, मग कंपन्या आणि सगळ्यात शेवटी पदवी.

बाकीची दारं भराभर बघू. न्यूयॉर्क विद्यापीठात १९७९ मध्ये रेड बर्न्स या बाईंनी इंटरॅक्टिव्ह टेलिकम्युनिकेशन्स प्रोग्रॅम उभा केला, तो कला शाखेत. त्यामागे सामान्य माणसाच्या हाती व्हिडिओ कॅमेरा देण्याची चळवळ होती, म्हणून आजही तिथे प्रश्न 'हे यंत्र माणसाला कशासाठी?' असा सुरू होतो. कार्नेगी मेलनमध्ये संगणकाचे रँडी पॉश आणि नाट्यविभागाचे डॉन मॅरिनेली यांनी मिळून १९९८ मध्ये एंटरटेनमेंट टेक्नॉलॉजी सेंटर काढलं. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात हा विषय सिनेमाच्या छपराखाली गेला. साहित्याच्या अभ्यासातून आलेल्या नॉर्वेच्या एस्पेन आर्सेथने २००१ हे गेम-अभ्यासाचं पहिलं वर्ष असं जाहीरच केलं. मग गेम ही कथा आहे की नियमांचा खेळ, यावर विद्वानांची अनेक वर्षं जुंपली. खेळणारे मात्र खेळतच होते.

पण डिझायनर नेमकं करतो काय? चित्र काढणं नाही आणि कोड लिहिणंही नाही. सिद्धेश्वरांच्या यात्रेत होम मैदानावर गड्डा भरतो, तिथला रिंग फेकण्याचा स्टॉल आठवा. रिंगचा घेर वस्तूच्या बुडापेक्षा किती मोठा, दोरी किती अंतरावर बांधायची, एवढ्या पैशांत रिंगा किती, मोठं बक्षीस मधोमध आणि साबणाच्या वड्या कडेला का. रिंग सहज बसली तर स्टॉलवाला बुडाला. कधीच बसली नाही तर गर्दी पुढच्या स्टॉलवर गेली. कुणी तरी जिंकताना दिसावं लागतं. हे नियम, शक्यता आणि मोह यांचं गणित म्हणजे डिझाइन. ते कागद, फासे आणि सोंगट्या घेऊनही शिकवता येतं, चांगल्या संस्था पहिल्या सत्रात तसंच शिकवतात. ज्याच्या अभ्यासक्रमात पहिल्या दिवसापासून फक्त सॉफ्टवेअरच आहे, तो गेम डिझाइनचा अभ्यासक्रम आहे का, याची मला शंका येते.

भारतात डिझाइनचं उच्च शिक्षण आलं ते सरकारच्या हाताने. चार्ल्स आणि रे ईम्स या दांपत्याने १९५८ मध्ये भारत सरकारला अहवाल दिला, त्यात आपल्या साध्या लोट्याचं मन लावून केलेलं वर्णन आहे. त्यातून १९६१ मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था म्हणजे एनआयडी उभी राहिली. १९६९ मध्ये आयआयटी मुंबईत आयडीसी हे डिझाइनचं केंद्र सुरू झालं. गेमचं नाव तेव्हा कुठेच नव्हतं. आज एनआयडीच्या बेंगळुरू आवारात डिजिटल गेम डिझाइनची एम.डिझाइन आहे. बारावीनंतर डिझाइनला जाण्यासाठीची यूसीड ही परीक्षा आयआयटी मुंबईने २०१५ पासून सुरू केली.

उद्योगाची बाजू निराळी. राजेश राव यांची ध्रुव इंटरॅक्टिव्ह ही बेंगळुरूची कंपनी १९९७ ची. तिने आणि पाठोपाठ आलेल्या अनेकांनी परदेशी गेमसाठी गाड्या, इमारती, पात्रं बनवून दिली. खेळ कसा असावा हे तिकडे ठरायचं, रंगरूप इकडे चढायचं. कामच असं असल्यावर मागणी मॉडेलरची आणि अ‍ॅनिमेटरची, डिझायनरची नव्हे. म्हणून आपल्याकडचे बहुतेक गेम अभ्यासक्रम अ‍ॅनिमेशन क्लासच्या शेजारी वाढले आणि मामाचं उत्तर चुकीचं असूनही बिनबुडाचं नाही. २०१४ मध्ये यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, बी.व्होक. ही व्यवसाय शिक्षणाच्या पदवीची योजना आणली तेव्हा असल्या अभ्यासक्रमांना पदवीचं नाव लावायची एक वाट झाली.

पुण्यात २००८ मध्ये दोन गोष्टी घडल्या. युबिसॉफ्ट या फ्रेंच गेम कंपनीचा स्टुडिओ आला. आणि आपण सोलापूर रस्त्याने पुण्यात शिरतो त्या बाजूला, फुरसुंगीला, डीएसके या बांधकाम समूहाने फ्रान्समधल्या व्हॅलेन्सिएनच्या संस्थांना सोबत घेऊन आवार उभारलं. त्यात गेमचा स्वतंत्र विभाग होता, शिकवायला बाहेरचे लोक होते. पुढे समूहच आर्थिक गर्तेत गेला आणि तो प्रयोग थांबला. पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्स या कंपनीचा 'राजी' हा गेम २०२० मध्ये आला. आपल्या पुराणांतलं विश्व, आपल्या माणसांनी ठरवलेला खेळ. बाहेरच्यांसाठी नुसतं रंगकाम करणाऱ्यांच्या देशात ही लहान गोष्ट नव्हती.

सोलापुरात यंत्रं आली नाहीत असं नाही. टीव्हीला लावायच्या गेमच्या कॅसेट गल्लीत अदलाबदलीने फिरायच्या, मारिओ आणि काँट्रा सगळ्यांना पाठ. मग नेट कॅफे, मग २०१६ नंतर स्वस्त डेटा आणि पब्जी. पण यातलं एकही यंत्र सुरू केल्यावर समोर बेसिक येत नव्हतं. शिक्षणाचं म्हणाल तर १९८३ पासून वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातून वेगळं होऊन २००४ मध्ये एकाच जिल्ह्याचं स्वतंत्र विद्यापीठ झालं, २०१९ मध्ये त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचं नाव मिळालं. कोड शिकायची सोय झाली, चित्रकलेची एलिमेंटरी-इंटरमिजिएट देणारी मुलं आधीपासून होतीच, पण ही दोन टोकं एका वर्गात बसवणारं कुणी नव्हतं. चादरीच्या जॅकार्ड मागातल्या छिद्रांच्या पुठ्ठ्यांतून संगणक जन्मला, तेव्हा सोलापूर मुळात आयटीचंच शहर, असं भाषण अधूनमधून ऐकू येतं. टाळ्या मिळतात. पोरं मात्र सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जातात.

घरच्यांच्या विरोधालाही इतिहास आहे. 'गेमिंग' या एकाच शब्दाखाली गेम बनवणं, गेम खेळणं आणि पैसे लावून रमी खेळणं अशा तीन गोष्टी एकत्र कोंबल्या गेल्या. सप्टेंबर २०२० मध्ये पब्जी मोबाइलवर बंदी आली, तेव्हा अनेक घरांत विषयच मिटला. ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्‌सला, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धांना, वेगळी मान्यता दिली. निदान कागदावर तरी भेद झाला. त्याआधी २०२२ च्या अर्थसंकल्पात अ‍ॅनिमेशन, व्हिज्युअल इफेक्ट्‌स, गेमिंग आणि कॉमिक्ससाठी कृतिदल जाहीर झालं होतं. २०२५ मध्ये मुंबईत इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज सुरू झाली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये राज्य मंत्रिमंडळाने या क्षेत्राचं २०५० पर्यंतचं ३,२६८ कोटींचं धोरण मंजूर केलं.

साधनं तर पदवीच्या कितीतरी आधी मोकळी झाली. गेम बनवायच्या सॉफ्टवेअरपैकी युनिटीची फुकट आवृत्ती २००९ पासून आहे, गोडो २०१४ मध्ये खुलं झालं, अनरिअल २०१५ मध्ये. जुळे सोलापुरातल्या खोलीत बसून आज कुणीही छोटा गेम पुरा करू शकतं, आणि प्रवेशाला किंवा नोकरीला गेल्यावर पुरा केलेला छोटा गेमच आधी बघतात, अर्धवट राहिलेला मोठा नाही.

नव्या शैक्षणिक धोरणात संगणकाच्या विद्यार्थ्याला दुसऱ्या शाखेतला विषय गौण म्हणून घेता येतो. विषय कुठल्या विभागाचा, हे भांडण त्यामुळे निदान वेळापत्रकात तरी सुटतं. अडतं ते शिक्षकापाशी. सहायक प्राध्यापकाला नेट-सेट किंवा पीएच.डी. लागते, आणि गेम बनवण्यात पंधरा वर्षं घालवलेल्या माणसाकडे बहुधा दोन्ही नसतं. यूजीसीने २०२२ मध्ये 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस', म्हणजे अनुभवी व्यावसायिकाला प्राध्यापक नेमायची, तरतूद केली. मंजूर पदांच्या १० टक्क्यांपर्यंत अशी माणसं घेता येतात, पदवीची अट न घालता. पुण्याच्या स्टुडिओत पंधरा वर्षं काम करून आईवडिलांसाठी गावी परतलेला आणि घरून काम करणारा एखादा सोलापूरकर त्यात बसू शकतो. त्याला बोलवायचं तर आधी संस्थेने तसा पुढाकार घ्यायला हवा.