मत एक, वावर भलतीकडेच

पुण्यात कोथरूडच्या किंवा बाणेरच्या कुणालाही म्हणून बघा, "चल, गावात जाऊन येऊ." उत्तर ठरलेलं: "लक्ष्मी रोड? नको रे बाबा. गाडी लावायची कुठे?" आणि दिवाळीच्या आधीच्या रविवारी हीच मंडळी तुळशीबागेच्या बोळात खांद्याला खांदा घासत पणत्यांचा भाव करत असतात. याला आपण सरळ ढोंग म्हणून मोकळे होतो. मला ते ढोंग वाटत नाही. जागेबद्दलचं मत आणि जागेतला वावर या मुळातच दोन गोष्टी आहेत, आपण त्या एकच धरून चालतो.

मत म्हणजे डोक्यात बसलेलं चित्र. केविन लिंच या अमेरिकन नगररचनाकारानं बॉस्टन, जर्सी सिटी आणि लॉस एंजेलिसमधल्या लोकांकडून त्यांच्या शहराचे नकाशे आठवणीतून काढून घेतले. १९६० साली त्यानं मांडलं की या चित्रात वाटा, कडा, विभाग, चौक आणि खुणा असतात. पुण्यात मुठा नदी ही अशी कडा, म्हणजे हद्द. लकडी पूल ओलांडला की आपण 'गावात' शिरलो, मग अंतर दहा मिनिटांचं का असेना.

वावर मात्र विचारून कळत नाही, बघत बसावं लागतं. विल्यम व्हाइट या अमेरिकन शहर-अभ्यासकानं १९७०च्या दशकात न्यूयॉर्कच्या चौकांमध्ये कॅमेरे लावून तेच केलं. गर्दीपासून दूर निवांत जागा हवी असं लोक बोलायचे. चित्रणात मात्र जिथे आधीच माणसं बसलेली तिथेच जाऊन टेकायचे. ओळखीचं कुणी भेटलं की भर वाटेत, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या मधोमध उभं राहून गप्पा. (तुळशीबागेत हे बघायला कॅमेराही लागत नाही.)

मत आणि कृतीतली फट सगळ्यात ठळक दाखवली ती रिचर्ड लापिएर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं. एका चिनी जोडप्याला घेऊन तो अमेरिकाभर फिरला. चिन्यांविरुद्धचा आकस तेव्हा उघड होता. तरी २५१ हॉटेलं-खानावळींपैकी फक्त एकीनं त्यांना नाकारलं. सहा महिन्यांनी त्याच ठिकाणी पत्रं गेली: चिनी गिऱ्हाईक घ्याल का? उत्तरं देणाऱ्यांपैकी ९० टक्क्यांहून जास्त जण 'नाही' म्हणाले. १९३४ सालचा हा लेख आजही वादात असतो, आणि आक्षेप रास्त आहे: पत्राला उत्तर देणारा आणि गल्ल्यावर बसलेला माणूस एकच होता कशावरून?

आयझेन आणि फिशबाइन या मानसशास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये दिलेलं उत्तर मला जास्त पटतं. मोघम मतावरून नेमकी कृती सांगता येत नाही. "पेठा आवडतात का?" हा एक प्रश्न, "येत्या शनिवारी सकाळी मेट्रोनं मंडईला जाणार का?" हा अगदीच दुसरा. शिवाय जमेल की नाही याचा अंदाजही मध्ये येतो. २०२४ च्या सप्टेंबरात मंडईचं भुयारी स्टेशन सुरू झालं, तेव्हा गर्दीबद्दलचं मत बदलायची गरजच नव्हती. 'गाडी लावायची कुठे' एवढं कारण गळून पडलं, की तेच मत घेऊन माणूस जाऊ शकतो.

उलटी चूकही तितकीच होते: वावर बघून मत ठरवणं. हिंजवडीच्या कोंडीत रोज अडकणाऱ्याला हिंजवडीचं प्रेम आहे असं कुणी म्हणणार नाही. पण अंधार पडल्यावर वेताळ टेकडीवर बायका दिसत नाहीत म्हटल्यावर 'त्यांना आवड नाही' असं सहज बोललं जातं. आवड असते, उतरताना सोबत नसते.

२०२१ पासून ११ डिसेंबरला महापालिका लक्ष्मी रोडवर गाड्या बंद ठेवून पादचारी दिन करते, तेव्हा 'आमचं गिऱ्हाईक गाडीनंच येतं' हे वाक्य कानावर पडतंच. हे दुकानदाराचं मत झालं, आणि धंदा त्याचा असल्यानं ते ऐकायलाच हवं. गिऱ्हाईक खरंच कशानं आलं, हे मात्र दाराशी उभं राहून मोजावं लागेल, तेही दिवाळीत नाही, एखाद्या साध्या बुधवारी.